दुरंगी तगरीला खत नको, कात्री हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बागकामाच्या सदरांत एक प्रश्न फिरून फिरून येतो. पांढऱ्या कडांच्या पानांची ठेंगणी तगर हौसेने लावली, वर्ष-दीड वर्षात ती निम्मी हिरवी झाली, आता काय करावे? उत्तरही बहुधा ठरलेले असते: अन्नद्रव्ये कमी पडत असतील, खत वाढवा. हे उत्तर झाडाच्या अक्षरशः मुळावर येते. हिरव्या फुटव्यांवर इलाज कात्रीचा आहे, आणि तोही वेळेवर केला तरच उपयोगाचा.

पानाची कड पांढरी का होते, हे एकदा समजले की बाकीची निगा आपोआप उलगडते. फांदीच्या शेंड्यात, जिथे नवी पाने घडतात तिथे, पेशींचे एकावर एक असे थर असतात. सर्वांत बाहेरच्या थरापासून पानाची साल बनते, दुसऱ्या थरापासून प्रामुख्याने पानाची कड आणि आतल्या गाभ्यापासून पानाचा मधला भाग. पांढऱ्या कडेच्या तगरीत या दुसऱ्या थराच्या पेशींना हरितद्रव्य तयार करता येत नाही. गाभ्याच्या पेशी मात्र धडधाकट असतात. म्हणजे एकाच झाडात दोन वेगळ्या प्रकृतीच्या पेशी शेजारी नांदत असतात. हा करार अधूनमधून मोडतो. गाभ्यातली एखादी हिरवी पेशी दुसऱ्या थरात सरकते, तिचीच संतती तिथे वाढते आणि त्या डोळ्यातून येणारा फुटवा संपूर्ण हिरवा निघतो. यात खताचा संबंध कुठेही येत नाही.

हिरव्या फुटव्याच्या पानाचा सगळा पृष्ठभाग अन्न तयार करतो, तर शेजारच्या दुरंगी पानाचा जेमतेम निम्मा-पाऊण. साहजिकच हिरवा फुटवा दुप्पट जोमाने वर जातो, दुरंगी फांद्यांवर सावली धरतो आणि त्यांना मागे टाकतो. अशा झाडाला खत वाढवून द्यायचे म्हणजे शर्यतीत पुढे असलेल्यालाच आणखी ढकलायचे. झाड जोरात वाढू लागल्याचे समाधान मिळते खरे, पण वाढत असते ती नुसती हिरवी तगर.

कापायचे कसे, यात बारकावा आहे. पूर्ण हिरवा फुटवा जिथून निघाला तिथे, मूळ फांदीला अगदी लागून, खुंट न ठेवता कापावा. नुसता शेंडा खुडला तर खालच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यातून आणखी हिरवे फुटवे येतात. एकाचे चार होतात. फांदी खाली दुरंगी आणि वर हिरवी झाली असेल तर शेवटची चांगली दुरंगी पानजोडी शोधून तिच्या अर्धा सेंटिमीटर वर काप घ्यावा. फुटवा बोटभर असतानाच निघाला तर झाडाला काही कळतही नाही. जाड फांद्या झाल्यावर जाग आली तर अर्धे झाड कापावे लागते. वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा झाड खालपासून वरपर्यंत निरखावे. विशेषतः बुंध्याजवळ पाहावे, कारण बरेच हिरवे फुटवे तिथे पानांआड वाढतात आणि वर डोके काढेपर्यंत दिसत नाहीत.

उलट प्रकारही होतो. एखादा फुटवा पांढराफटक येतो, दिसायलाही फार देखणा. तो स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही, बाकीच्या झाडावर पोसला जातो आणि उन्हाचा पहिला चटका बसला की करपतो. मोठ्या, भरलेल्या झाडावर असा एखादा राहिला तर बिघडत नाही. लहान रोपावर दोन-तीन असतील तर काढून टाकावेत. त्याचे कलम करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. मुळे फुटली तरी ते जगत नाही.

छाटणीचा दुसरा धोका असा, की साध्या हिरव्या तगरीची सवय असलेली माणसे या झाडालाही वीतभर खुंट ठेवून तासतात. साधी तगर त्यातून भरभरून फुटून येते. दुरंगी तगरीत मात्र पानांच्या बेचक्यातले तयार डोळे आणि जुन्या लाकडातून किंवा मुळांतून नव्याने तयार होणारे डोळे यांत फरक असतो. बेचक्यातल्या डोळ्यात थरांची मांडणी जशीच्या तशी उतरलेली असते. जुन्या लाकडातून फुटणारा डोळा बहुधा आतल्या एकाच थरातून उगवतो, म्हणून तो हिरवा निघण्याची शक्यता मोठी. तेव्हा एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये आणि प्रत्येक कापाखाली निदान दोन दुरंगी पानजोड्या राहतील असे पाहावे. तगरीची फांदी वाढता वाढता दुभंगत जाते आणि फुले त्या दुभंगाशी, शेंड्यांजवळ येतात. म्हणून शेंडा कापला की त्या वेळच्या कळ्या जातात, पण एकाच्या दोन फांद्या होऊन पुढच्या बहराला जागा वाढते. मोठी छाटणी बहर ओसरल्यावर आणि नवी वाढ सुरू होण्याआधी करावी. गळालेली फुले खुडत बसण्याची गरज नाही, ती आपली आपणच पडतात.

काप घेतला की पांढरा चीक ओघळतो. तो त्वचेला झोंबू शकतो, डोळ्यात गेला तर चांगलाच त्रास देतो आणि पोटात जाणे तर टाळलेच पाहिजे. हातमोजे घालावेत, लहान मुले आणि पाळीव जनावरे कापलेल्या फांद्यांपासून दूर ठेवावीत. कात्रीची पाती दर झाडानंतर स्पिरिटने पुसावीत. चीक वाळला की पाती चिकटतात आणि पुढचा काप फांदी चिरडतो. या चिकाचा एक फायदाही आहे. रोप घेताना ठेंगणी दुरंगी तगर आणि ठेंगणा दुरंगी अनंत यांत गफलत होते, कारण दोघांची पाने समोरासमोर आणि फुले पांढरी. पानाचा देठ किंचित खुडून पाहावा: चीक आला तर तगर, नाही आला तर अनंत. हे ओळखणे महत्त्वाचे, कारण अनंताला तगरीपेक्षा जास्त आम्लधर्मी माती लागते.

रोप निवडताना फुले मोजण्यापेक्षा बुंधा पाहावा. जमिनीलगत हिरवा फुटवा असेल किंवा तो नुकताच कापल्याची खूण असेल तर दुसरे रोप घ्यावे. कडेचा पांढरा पट्टा सगळ्या पानांवर साधारण सारख्या रुंदीचा असावा. फार पांढरे रोप मोहक दिसते, पण ते मंद वाढते आणि उन्हात टिकत नाही. पानावर पिवळे ठिपके नि डाग कसेही विखुरलेले असतील, पान सुरकुतलेले किंवा वेडेवाकडे असेल, तर ते दुरंगीपण नसून रोग असण्याची शक्यता धरावी. गंमत म्हणजे काही झाडांत रोगालाच शोभेचे स्थान मिळाले आहे. अब्युटिलॉन या शोभेच्या झुडपाच्या ‘थॉम्पसनी’ या जातीच्या पानांवरची सोनेरी नक्षी विषाणूमुळे येते आणि कलमातून दुसऱ्या झाडालाही लागते. तगरीच्या पांढऱ्या कडेचे तसे नाही. ती शेजारच्या झाडाला लागत नाही.

आता उन्हाविषयी. ‘दुरंगी पानांची झाडे सावलीतली’ हा समज सर्रास आढळतो, आणि तो फुलझाडाच्या बाबतीत महागात पडतो. आधीच हरितद्रव्य कमी, त्यात प्रकाशही कमी मिळाला तर झाड फुलांवरचा खर्च पहिल्यांदा बंद करते. फांद्या लांबतात, पानजोड्यांतले अंतर वाढते, आणि ज्याच्यासाठी हे झाड आणले तो आटोपशीर गोल आकार बिघडतो. सकाळचे चार ते पाच तास थेट ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली, हे या झाडाचे गणित. दुपारच्या कडक उन्हात पांढरी कड आधी तपकिरी आणि मग कागदासारखी कोरडी होते. तिथे प्रखर प्रकाश पचवणारी यंत्रणाच नसते. सावलीतले झाड उन्हात न्यायचे असेल तर दहा-पंधरा दिवस घ्यावेत आणि दर तीन-चार दिवसांनी उन्हाचा तासभर वाढवावा. जुनी पाने ज्या प्रकाशात घडली त्याच्याशी बांधलेली असतात, त्यांतली काही गळतील. नवी पाने कशी येतात त्यावर जागेचा निकाल लावावा. पानजोड्या जवळजवळ आणि कडा अखंड, तर जागा बरोबर.

कुंडीत लावायचे तर दहा ते बारा इंची कुंडी पुरते. साधी तगर पुरुषभर उंच होते, ही ठेंगणी दोन-तीन फुटांवर थांबते आणि वाढतेही सावकाश. ‘पुढे लागेलच’ म्हणून एकदम मोठी कुंडी देणे ही नेहमीची चूक. मुळे पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि मूळकुज सुरू होते. कुंडी बदलताना दोनच इंच मोठी घ्यावी, तीही साधारण दोन वर्षांनी, मुळे तळाच्या भोकांतून डोकावू लागल्यावर. मिश्रणात दोन भाग बागेची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असावी. माती चिकट असेल तर वाळू दीडपट करावी. मातीचा सामू (पीएच) 6 ते 7 च्या दरम्यान असलेला बरा. तळाची भोके बंद होऊ नयेत म्हणून त्यांवर खापराचा तुकडा उपडा ठेवला की पुरे, खडीचा जाड थर देण्याची गरज नाही. तो निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा खातो. जमिनीत लावताना दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे आणि सखल जागा टाळावी. मागे गडद हिरव्या पानांची झाडे असतील तर उत्तम, कारण पांढऱ्या कडांवर पांढरे फूल लांबून उठून दिसत नाही. ज्यांना केवळ फुलांचा देखावा हवा आहे त्यांनी साधी तगरच लावावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. हिची गंमत जवळून पाहण्यात आहे.

पाण्याच्या बाबतीत मापी वेळापत्रक पाळू नये. वरची इंचभर माती बोटाने कोरडी लागली की भरपूर पाणी द्यावे, तळातून निथळेपर्यंत, आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. तेवढ्याच आकाराच्या हिरव्या तगरीपेक्षा या झाडाला पाणी कमी लागते, हे लक्षात न घेता दोन्ही कुंड्यांना सारखेच पाणी घातले जाते आणि बळी हिचा जातो. झाड मलूल दिसले की पाणी घालण्याआधी मातीत बोट घालावे. माती कोरडी असेल तर तहान आहे. माती ओली असून पाने लोंबत असतील तर मुळे कुजत आहेत, आणि आणखी पाणी म्हणजे झाडाचा शेवट. अशा वेळी झाड उपसून काळी, मऊ पडलेली मुळे कापावीत, कोरड्या ताज्या मिश्रणात लहान कुंडीत बसवावे, पानांचा भार थोडा हलका करावा आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत अजिबात देऊ नये.

कडा करपण्याची कारणे तीन, आणि तिन्ही वेगळी ओळखता येतात. उन्हाने करपलेली पाने झाडाच्या ऊन लागणाऱ्या बाजूलाच आणि वरच्या भागात असतात. क्षार साचल्याने करपलेली पाने चहूबाजूंनी आणि आधी जुनी. टोकापासून सुरुवात होते, आणि कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय दिसते. तिसरे कारण पाण्याची ओढ, त्यात करपण्याआधी सगळे झाड मान टाकते. क्षारांवर उपाय साधा आहे: साय खरवडून काढावी आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट साधे पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्यावे. त्यानंतर महिनाभर रासायनिक खत बंद.

पिवळेपणा ओळखणे या झाडात जरा अवघड, कारण डोळा सारखा पांढऱ्या कडेकडे जातो. कड विसरावी आणि फक्त पानाचा मधला हिरवा भाग पाहावा. तो जुन्या, खालच्या पानांत सरसकट फिका होत असेल तर नत्र कमी. जुन्याच पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम. नव्या, शेंड्याच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह; आणि बऱ्याचदा लोह मातीत असते, पण जड पाण्यामुळे सामू वाढलेला असल्याने मुळांना घेता येत नाही. मग लोहाचे चिलेट, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह, द्यावे. सामू 7 च्या वर गेलेल्या मातीत ईडीटीए प्रकारचे चिलेट फार काळ टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचे टिकते. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) ‘सगळ्यावर चालते’ म्हणून टाकले जाते. ते मॅग्नेशियमच्या कमतरतेवर आहे; लोहाच्या कमतरतेवर ते टाकून काहीही साधत नाही, मातीत क्षार तेवढे वाढतात.

खत हिरव्या तगरीच्या निम्मे धरावे. बारा इंची कुंडीला दर दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत मातीच्या वरच्या थरात मिसळावे. विद्राव्य खत द्यायचेच असेल तर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, तीन-चार आठवड्यांनी एकदा, ओल्या मातीवर आणि फक्त वाढीच्या दिवसांत. युरियासारखे नुसते नत्र टाळावे. त्याने फांद्या लुसलुशीत आणि लांब होतात, पाने मोठी येतात, कळ्या कमी धरतात आणि मावा धावत येतो. रात्रीचे तापमान 15 अंशांच्या खाली राहू लागले की वाढ मंदावते, तेव्हा खत बंद आणि पाणीही कमी. 10 अंशांखाली पाने गळू लागतात, म्हणून कुंडी आडोशाला न्यावी.

किडींमध्ये सर्वांत मोठे नुकसान करते ती कण्हेरीवरच्या हॉक मॉथ पतंगाची अळी. ती बोटाएवढी जाड, हिरवी, शेपटाकडे छोटे शिंग आणि डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके असलेली असते. एवढी मोठी असूनही पानांत दिसत नाही; तिचा माग खाली पडलेल्या काळपट, जाड लेंड्यांवरून काढावा आणि त्यांच्या बरोबर वरच्या फांद्या तपासाव्यात. एक अळी दोन दिवसांत फांदी उघडी करते. हिरवी तगर त्यातून महिनाभरात सावरते, दुरंगी झाड तीन-चार महिने मागे पडते. अळ्या संध्याकाळी हाताने वेचाव्यात. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची फवारणी अळी बोटाच्या पेरापेक्षा लहान असतानाच उपयोगी पडते.

पिवळा मावा शेंड्यांवर आणि कळ्यांवर गर्दी करतो. पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवस रोज मारला तर बराचसा जातो. पिठ्या ढेकूण बेचक्यांत कापसासारखा दिसतो. थोडा असेल तर 70 टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने टिपावा. पांढऱ्या कडेच्या झाडात तो सहज नजरेतून सुटतो, म्हणून मुंग्यांची ये-जा पाहावी. खोडावर मुंग्यांची रांग लागली की वर मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आहे असे समजावे. पानांवर काजळी धरली तर तीही या किडींच्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी असते. कीड गेली की ओल्या फडक्याने पुसून निघते. कडुनिंबाचे तेल फवारायचे तर एक लिटर पाण्यात 5 मिली तेल आणि 1 मिली सौम्य द्रव साबण, ऊन उतरल्यावर. आधी एकाच फांदीवर फवारून दोन दिवस थांबावे. पांढरा भाग तेलाने आणि साबणाने हिरव्यापेक्षा लवकर भाजतो, आणि भाजलेली कड पुन्हा भरून येत नाही.

नवे झाड तयार करण्यासाठी बी निरुपयोगी आहे. बी एकाच थरातून तयार होते, त्यामुळे रोपे एकतर सगळी हिरवी किंवा सगळी पांढरी. पांढरी रोपे बियांतला साठा संपला की मरतात. बुंध्याशी जमिनीतून आलेला फुटवा मुळांसकट उपटून लावणेही फसवे, कारण तो बहुधा हिरवाच. छाट कलमासाठी अर्धवट पक्व, पेन्सिलीपेक्षा किंचित बारीक फांदी घ्यावी, जिच्यावर सलग तीन-चार पानजोड्या सारख्या दुरंगी आहेत. दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा पेराच्या जरा खाली कापावा आणि चीक थांबेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे पाण्यात उभा ठेवावा. चीक टोकावर वाळला तर मुळे फुटवणारी पावडर (आयबीए) नीट बसत नाही. खालची पाने काढून वरच्या दोन जोड्या पूर्ण ठेवाव्यात. इतर कलमांत पाने अर्धी कापण्याचा प्रघात आहे, पण इथे हिरवा भाग आधीच तुटपुंजा असतो. टोक आयबीए पावडरीत बुडवून, झटकून, कोकोपीट आणि जाड वाळूच्या समप्रमाण ओलसर मिश्रणात दोन पेरे गाडावीत, वरून पारदर्शक पिशवी घालावी आणि उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवावे. दिवसातून एकदा पिशवी उघडून हवा द्यावी. हिरव्या तगरीला चार आठवडे लागत असतील तर हिला सहा-आठ धरून चालावे. मधल्या काळात कलम उपटून मुळे पाहण्याचा मोह आवरावा. हलके ओढून अडकल्यासारखे वाटले की मुळे आली.

घाई नसेल तर गुटी कलम जास्त खात्रीचे. पेन्सिलीएवढ्या दुरंगी फांदीवर पेराखाली दोन सेंटिमीटर रुंद सालीचे वळे काढावे, चीक पुसावा, खरवडून हिरवा थर पूर्ण घालवावा, वरच्या काठाला पावडर लावून मूठभर ओले शेवाळ प्लास्टिकने घट्ट बांधावे. थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे येतच नाहीत. मुळे पिशवीतून पांढरी दिसू लागली की वळ्याच्या खाली कापून लावावे. वरचा शेंडा अखंड राहिल्याने पानांची नक्षी तशीच पुढे चालते. झाडावर नंतर हिरवा फुटवा आला तर तोही टाकून द्यायची गरज नाही. त्याच पद्धतीने वेगळा लावला की जोमदार, ठेंगणी हिरवी तगर मिळते, आणि ती दुरंगी झाडामागे लावली तर त्याच्या पांढऱ्या कडा खुलून दिसतात.

आपले,
बागकाम करणारे काही वाचक